वाचक विचारतात : शंभरीला टेकलेल्या लोकसेवकाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात?

गावासाठी, शाळेसाठी, चळवळीसाठी आयुष्य वेचलेल्या ज्येष्ठांच्या आठवणी कशा जपाव्यात, याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं मोठी होती, म्हणून मुद्दा तेवढा ठेवला आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या गावात ९८ वर्षांचे अण्णा आहेत. कोवळ्या वयात प्रतिसरकारच्या (साताऱ्याकडच्या भूमिगत पत्री सरकारच्या) कामात होते, पुढे चाळीस वर्षं शाळा आणि विकास सोसायटी सांभाळली. बोलतात छान, पण लवकर थकतात. आम्हा चौघांकडे फक्त मोबाइल आहेत. सुरुवात कुठून करावी? (कडेगाव तालुक्यातून)

याच आठवड्यात करा. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे रामचंद्र लाड, फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. त्या पिढीतली बोलू शकणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. चांगला माइक मिळेपर्यंत थांबू नका, मोबाइल पुरतो.

वेळ सकाळची ठेवा, नाश्ता आणि औषधं झाल्यानंतरची. एका बैठकीत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि आठवड्यात दोनच बैठका. या वयात थकवा आला की माणूस गप्प बसत नाही. तो पाठ झालेलं बोलू लागतो. तेच वाक्य, तोच हातवारा पुन्हा आला की त्या दिवसापुरतं थांबायचं. खोलीत दोघांनीच जावं, एकाने विचारावं आणि दुसऱ्याने वहीत विशेषनामं टिपावीत. पाच-सहा जण बसले की मुलाखतीचं भाषण होतं.

पंखा बंद ठेवा. छतावरच्या पंख्याची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, पण ध्वनिमुद्रणात ती प्रत्येक शब्दावर बसते. शेजारच्या खोलीतला फ्रिज, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ, पत्र्यावर पडणारा पाऊस यांचंही तसंच. उन्हाळ्यात पंखा बंद करणं जमत नसेल तर टेबलफॅन लांब, मोबाइलच्या पाठीमागे ठेवा. मोबाइल चौपदरी घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्याच्या छातीपासून दीड-दोन विती अंतरावर असावा. लाकडी टेबलावर नुसता ठेवला तर बोटांची प्रत्येक टकटक हातोड्यासारखी ऐकू येते. एअरप्लेन मोड लावा, कारण मध्येच फोन आला तर काही मोबाइलमध्ये मुद्रण तिथेच थांबतं आणि तासाभराने कळतं. श्रवणयंत्र वापरत असतील तर ते नीट बसलंय ना पाहा, सैल असलं की बारीक शीळ वाजते. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा.

फाइलचा डब्ल्यूएव्ही (WAV) प्रकार निवडता येत असेल तर तोच घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच वाहिनी (मोनो) या मापाने तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. तेवढी जागा नसेल तर एम४ए, १२८ केबीपीएसने तासाला साठ एमबीच्या आतच राहते आणि बोलणं स्वच्छ येतं. आधी दोन मिनिटं मुद्रण करून इअरफोन लावून ऐका. मग पहिलं वाक्य नेहमी मुद्रण करणाऱ्याचं असावं : आजची तारीख, गाव, कोणाचं घर, समोर कोण बसलंय, विचारतंय कोण. हे वाक्य नसलेल्या ध्वनिफिती वीस वर्षांनी अनाथ होतात. आवाज ओळखणारं कोणी उरत नाही.

आता प्रश्नांचं. "अण्णा, स्वातंत्र्यलढ्यात तुम्ही काय केलंत?" असं विचारलं की दर १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर केलेलं भाषण बाहेर पडतं. ७ जून १९४३ ला शेणोलीला लुटलेली पगाराची गाडी, पत्री सरकारचा दरारा, क्रांतिसिंह नाना पाटलांची सभा. हे सगळं खरंच आहे, पण ते आधीच छापलेलं आहे, आणि अण्णांनी त्यातलं काय प्रत्यक्ष पाहिलं ते त्यात कळत नाही. त्याऐवजी हाताला लागणाऱ्या गोष्टी विचारा. भूमिगत कार्यकर्ता रानात असताना भाकरी कोण पोचवायचं? कशात बांधून? किती जणांची? कोणाच्या मळ्यात झोपायचे? पायात काय असायचं? निरोप तोंडी की चिठ्ठीने? चिठ्ठी वाचून झाली की तिचं काय करायचे? अशा प्रश्नांवर माणूस थबकतो, डोळे मिटतो आणि मग जे सांगतो ते पहिल्यांदाच सांगत असतो. त्या शांततेत मध्ये बोलू नका. मनात वीस आकडे मोजा.

सन विचारू नका, खूण विचारा. "कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?" म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ ही पक्की रेघ मिळते. तसंच पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१), गांधीजींची हत्या झाली (३० जानेवारी १९४८), लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या तो १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी. घरातल्या खुणा त्याहून उपयोगी : थोरली लेक तेव्हा रांगत होती का, विहिरीला इंजिन बसलं होतं का.

आणि घरातल्या बाईंना वेगळं बसवून विचारा. अण्णा रानात होते तेव्हा घर कशावर चाललं, पोलिस दारात आले तेव्हा काय उत्तर दिलं, शाळेच्या मास्तरांचं जेवण किती वर्षं आपल्या चुलीवर झालं, हे त्यांनाच माहीत असतं. नवऱ्यासमोर विचारलं तर "ते सांगतील" एवढंच उत्तर मिळतं.

शेवटी एक कागद. ध्वनिमुद्रण कोणी ऐकावं, छापावं का, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवावा, हे चार ओळींत लिहून त्यांची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पहिल्या बैठकीतच घ्या. पुढे वारसांमध्ये मतभेद झाले की हाच कागद कामाला येतो.

प्रश्न : आमच्या गुरुजींची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, घरच्या पत्रिकेत दुसरी, सन्मानपत्रावर तिसरी. अमृतमहोत्सव आणि सहस्रचंद्रदर्शन वेगवेगळ्या हिशेबाने झालं. आता चरित्रात कोणती घालावी? (बार्शी आणि परभणी येथून दोन पत्रं)

दाखल्यावरची तारीख १ जून असेल तर ती मास्तरांची समजा. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला पटावर घ्यायचं असायचं, तारीख कोणालाच ठाऊक नसायची, मग १ जून. एकेका गावात एकाच दिवशी जन्मलेली निम्मी पिढी सापडते ती यामुळे. ही तारीख कागदोपत्री म्हणून द्या, खरी म्हणून देऊ नका. पत्रिका किंवा घरच्या वहीतली तिथी सहसा जास्त विश्वासाची.

तिथीवरून तारीख काढताना शकात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती जानेवारीनंतर. शके १८६४ चा श्रावण म्हणजे १९४२, पण त्याच शकाचा माघ म्हणजे १९४३. जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. एक जानेवारी बहुधा मार्गशीर्ष किंवा पौषात पडते, त्यामुळे या दोन महिन्यांत जुनं पंचांगच उघडावं. अधिक महिना विसरला की सगळं एका महिन्याने सरकतं. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस अधिक श्रावणातला, वद्य चतुर्दशीचा. "स्वातंत्र्याच्या मध्यरात्री चंद्रप्रकाशात झेंडा लावला" अशी आठवण कोणी सांगितली, तर ती रात्र दुसरी कुठली तरी असणार. अमावास्येच्या तोंडावर मध्यरात्री चंद्र नसतो. सांगणारा खोटं बोलत नसतो, दोन रात्री एकमेकींत मिसळलेल्या असतात. अशी जागा सापडली की खोडू नका, समासात टीप द्या.

परभणीच्या वाचकांसाठी वेगळी गोष्ट. निजामी राज्यातल्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो आणि मजकूर उर्दूत. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवा. १७ सप्टेंबर १९४८, मराठवाडा मुक्तीचा दिवस, फसली १३५७ मध्ये येतो. नेहमीच्या सवयीने ५९० मिळवले तर मुक्ती एक वर्ष आधी होऊन बसते.

वयाचीही एक चूक छापील मजकुरात सर्रास दिसते. "वयाच्या ७१व्या वर्षी" म्हणजे सत्तर पूर्ण, एकाहत्तरावं चालू. "७१ वर्षांचे असताना" म्हणजे एकाहत्तर पूर्ण. वर्तमानपत्रात दोन्ही एकच समजून लिहितात. तुम्ही पहिल्या पानावर कोणती पद्धत वापरता ते ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या संस्थापिका ९६ व्या वर्षी गेल्या. आयुष्यपट लिहायला घेतला तर पहिली चाळीस वर्षं भरभरून आणि पुढची पन्नास दोन पानांत संपली. काय चुकतंय? (रत्नागिरीहून)

दीर्घायुषी माणसांच्या जवळजवळ प्रत्येक चरित्रात हेच होतं. संघर्षाचा काळ गोष्टीसारखा सांगता येतो. पुढची वर्षं बैठका, हिशेब, इमारतीची गळती आणि शिक्षकांचे पगार यांत जातात, आणि खरी सेवा बरीचशी तिथेच झालेली असते.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. महर्षी धोंडो केशव कर्वे, दापोलीजवळच्या मुरुडचे. १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२, म्हणजे १०४ वर्षं, ६ महिने, २२ दिवस. लोकांना माहीत असलेले कर्वे कुठे संपतात ते पाहा : १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले, १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह, त्यानंतर गावचा बहिष्कार, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये हिंगण्याची झोपडी, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. बहुतेक लेख इथे थांबतात आणि एकदम १९५८ च्या भारतरत्नावर उडी घेतात. १९१६ साली कर्वे ५८ वर्षांचे होते. पुढे ४६ वर्षं आहेत.

त्या ४६ वर्षांत १९२० चं ठाकरसी कुटुंबाचं १५ लाखांचं दान आहे. सत्तरी ओलांडल्यावर विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेचे दौरे आहेत. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षाच्या आसपास, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे शाळा काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ आहे. १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ आहे, तेव्हा ते ८६ वर्षांचे. या दोन संस्थांबद्दल किती वाचायला मिळतं? फार थोडं. त्यांचं 'आत्मवृत्त' १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांनी तेवढंच समोर ठेवून लिहिलं, त्यांचे कर्वे सत्तावन्नाव्या वर्षीच थांबले. मजकूर जिथे सहज मिळतो तिथेच चरित्र फुगतं, हे त्याचं साधं कारण.

उपाय असा. मोठ्या कागदावर जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक वर्षाला एक ओळ आखा. तुमच्या बाईंच्या ९६ ओळी होतील. स्तंभ पाच : वर्ष, वय, राहण्याचं ठिकाण, काम, पुरावा. "पुरावा" या स्तंभात कागद, ध्वनिमुद्रण किंवा साक्षीदार यांपैकी काही नसेल तर ती ओळ पेन्सिलने लिहा, असेल तर शाईने. आठवड्याभरात कोरे पट्टे डोळ्यांत भरतात. मग ते भरायला जा : संस्थेची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, हजेरीपट, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत, बँकेचं जुनं पासबुक. १९६८ ते १९७४ कोरं असेल आणि इतिवृत्तात दर महिन्याला "विहिरीचा प्रश्न" येत असेल, तर ती सहा वर्षं बाईंनी विहिरीसाठी घालवली आहेत. ते लिहा, खोली किती फूट, पाणी कधी लागलं, पैसे कोणी दिले यासकट.

आणखी एक स्तंभ कौटुंबिक घटनांचा ठेवा. जो शंभर वर्षं जगतो तो आपल्या माणसांनाही मागे टाकून जगतो. आनंदीबाई, म्हणजे लग्नाआधीच्या गोदूबाई, बाया कर्वे, १९५० मध्ये गेल्या. थोरले चिरंजीव र. धों. कर्वे १९५३ मध्ये गेले, वडिलांच्या नऊ वर्षं आधी. उत्तरायुष्य वाचताना ही ओळ शेजारी हवी. आनंदीबाईंनी स्वतःचं आत्मचरित्र लिहून ठेवलं, म्हणून त्या संसाराची दुसरी बाजू आपल्याला कळते. बहुतेक घरांत ती लिहिलेली नसते, ती विचारून घ्यावी लागते.

प्रश्न : "सलग इतक्या वेळा निवडून आले", "तीनदा तुरुंगवास" अशी वाक्यं श्रद्धांजलीत आली आहेत. ती तशीच घ्यावीत का? (पंढरपूरहून)

तपासल्याशिवाय नको. तुमच्या शेजारच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजी गेले तेव्हा "सलग अकरा वेळा आमदार" असं पुष्कळ ठिकाणी छापून आलं. अकरा वेळा हे बरोबर, सलग हे चूक. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, १९७२ मध्ये हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९५ मध्ये पुन्हा हरले आणि १९९९ पासून पुन्हा जिंकत राहिले. मला विचाराल तर "सलग" या शब्दाने त्यांचं मोठेपण उलट कमी होतं. पडल्यावर घरी न बसता त्याच दुष्काळी तालुक्यात काम करत राहिलेला माणूस त्या शब्दात दिसेनासा होतो. निवडणुकीचे आकडे निवडणूक आयोगाच्या निकाल अहवालांत मतदारसंघवार मिळतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तुरुंगवासासाठी कारागृहाचा दाखला आणि जिल्हाधिकारी कार्यालयातली स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाची संचिका पाहा. ही संचिका वाचताना एक भान ठेवा. केंद्राच्या योजनेत सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांचा कारावास हवा होता, आणि भूमिगतांना ठरावीक शिक्षा भोगलेल्या सहकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडावं लागे. त्यामुळे प्रतिज्ञापत्रांची भाषा नियमाच्या साच्यात बसवलेली असते, आणि अनेकांची प्रतिज्ञापत्रं एकाच टंकलेखकाकडून शब्दाला शब्द सारखी तयार झालेली असतात. अर्ज मंजूर झाला नाही म्हणून माणूस लढ्यात नव्हता असं होत नाही. कागद नव्हता एवढंच त्यातून कळतं. राज्याच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाने काढलेले स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर इथली पुराभिलेखागारं ही पुढची पायरी.

प्रश्न : आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. डायऱ्या, पत्रं, फोटो, कॅसेट. निम्म्याला कसर लागली आहे. लॅमिनेशन करून घेऊ का? (नाशिक, बेळगाव आणि न्यू जर्सीहून)

लॅमिनेशन अजिबात नको. गरम प्लॅस्टिक कागदात मुरतं, पुन्हा सुटत नाही, आणि आतला आंबटपणा आतच राहून कागद पिवळा पडून तुटतो. सेलोटेपही नको. दहा वर्षांत त्याचा चिकट तपकिरी पट्टा अक्षरं खाऊन टाकतो.

ट्रंक पावसाळ्यात उघडू नका, कोरड्या दिवसांत उघडा. उघडण्याआधी वरून फोटो काढा आणि मग थरांप्रमाणे काढत जा. आजोबांनी कशाखाली काय ठेवलं होतं, कोणती पत्रं एका दोरीने बांधली होती, ही माहितीच असते. एकदा विस्कटली की परत लागत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढू नका. टाचणीच्या दोन्ही बाजूंना कागदाचा कपटा सरकवून सावकाश सोडवा. धूळ मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने आतून बाहेरच्या दिशेने झाडा. कसर दिसली तर ते कागद बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा. उन्हात वाळवायची सवय आहे आपल्याला, पण उन्हाने जुनी निळी शाई उडते आणि कागद कडक होतो. सावलीत, हवेशीर खोलीत, साध्या कोऱ्या कागदावर पसरा. छापील वर्तमानपत्र खाली नको, त्याची शाई लागते. वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर कापडी पुरचुंडीत. पानांमध्ये थेट ठेवला की डाग पडतात.

प्रत्येक वस्तूला क्रमांक, मागच्या बाजूला कोपऱ्यात, मऊ पेन्सिलने. बॉलपेन फोटोच्या पुढून उमटतो. स्कॅन करताना पत्रं ३०० डीपीआय, रंगीत, कारण लाल शाईतली खूण काळ्या-पांढऱ्यात हरवते. छोटे फोटो ६००. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारी, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवा. फाइलचं नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप काळाप्रमाणे लागतात. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी. न्यू जर्सीच्या वाचकांनी तिसरी प्रत स्वतःकडे ठेवली तर हे आपोआप साधतं.

कॅसेट लावण्याआधी मागच्या कडेवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं मुद्रण होणार नाही. मग पेन्सिल घालून हाताने दोन-चार वेटोळी फिरवून फीत मोकळी आहे का पाहा. बुरशीचा पांढरा थर दिसत असेल तर यंत्रात घालू नका. ती फीतही तुटते आणि यंत्राच्या डोक्यावरून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. मोडीतली पत्रं जाणकाराकडून वाचून घ्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग भरवतं, तिथून तयार झालेली माणसं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत.

रिकामी झालेली ट्रंक भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते.

प्रश्न : आमच्या भाऊंच्या स्मृतिग्रंथासाठी ७० लेख आले आहेत. सगळे एकसारखे वाटतात. (सातारा)

वाटत नाहीत, एकसारखे आहेतच, कारण सत्तर जणांना "आठवणी पाठवा" असं एकच पत्र गेलं. लेखक परत पकडा आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न द्या. वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला : धान्य संपलं तेव्हा भाऊ काय करायचे? लेखापालाला : कोणता खर्च त्यांनी नामंजूर केला? विरोधी पॅनेलच्या माणसाला : तुम्ही त्यांच्याविरुद्ध का उभे राहिलात? हा शेवटचा लेख हमखास चांगला होतो. शब्दमर्यादा १२०० ठेवा. "साधी राहणी", "निःस्पृह", "झंझावात" हे शब्द सगळ्या लेखांतून काढून पाहा. काढल्यावर जो लेख उभा राहतो तो घ्या.

डेमी आकारात सोळा पानांचा फॉर्मा (एकत्र छापून घडी घालायचा ताव) धरा. ३२० पानं म्हणजे वीस फॉर्मे. त्यांपैकी एक फॉर्मा कालपट आणि व्यक्तिसूचीसाठी आधीच राखून ठेवा, नाहीतर शेवटी जागा नाही म्हणून तीच गळते. छायाचित्राखाली डावीकडून उजवीकडे सर्वांची नावं, "इतर मान्यवर" नको. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो. प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरावीक ग्रंथालयं यांना प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि ग्रंथ टिकण्याची तीच सर्वांत मोठी हमी.

प्रश्न : दोन लाख रुपये जमले आहेत. स्मृतिप्रीत्यर्थ नवीन न्यास काढावा का? (अकोला)

एवढ्या रकमेत नको. सात टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला १४ हजार येतात. नवीन न्यास काढला की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, दरवर्षीचे हिशेब, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. चौथ्या वर्षापर्यंत उत्साह टिकतो, नंतर कागदपत्रं थकतात. गावातल्या चांगल्या चाललेल्या वाचनालयाला किंवा शाळेला कायम ठेव म्हणून द्या आणि पत्रात तीन गोष्टी लिहा : मुद्दल मोडायचं नाही, व्याज कोणत्या कामाला, आणि व्याजापैकी काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवायचा. तिसरी अट नसेल तर वीस वर्षांनी त्या व्याजात एका विद्यार्थ्याच्या वह्यासुद्धा येणार नाहीत.

प्रश्न : शाळेच्या दारात स्मृतिफलक बसवायचा आहे. मजकूर किती आणि कशावर? (गुहागर)

कोकणच्या पावसात संगमरवर लवकर मळतो, अक्षरांतला रंग दोन पावसाळ्यांत धुपतो. काळा ग्रॅनाइट घ्या आणि अक्षरं खोल कोरून घ्या, नुसती रंगवून नकोत. पूर्ण नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, शाळेशी नातं कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि केलेलं एक काम. चाळीस शब्दांच्या आत बसतं. उद्‌घाटकाचं नाव माणसाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात येऊ देऊ नका. कारागिराला मजकूर मोबाइलवर पाठवू नका, फॉन्ट बदलला की जोडाक्षरं सुटी होतात आणि ऱ्हस्व-दीर्घ उलटं होतं. कागदावर पूर्ण आकारात छापून द्या, आणि कोरायला घेण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून, एकाने मूळ दाखला आणि दुसऱ्याने तो कागद हातात घेऊन, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचावा.